भेगेचा फोटो

भिंतीला भेग दिसली की धम्मप्रियाचे हातपाय गार पडत. किल्लारीच्या भूकंपात तिची आई भिंतीखाली गेली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. पुढे चाकूरला मामांकडे वाढली आणि लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका टाइप करू लागली. क्लास चौथ्या मजल्यावर. बॅच सुटली, पोरं जिन्यात धावली की फरशी थरथरायची आणि हिची नजर दाराकडे जायची.

एका संस्थेने तिला किनवटकडच्या जंगलात, कोलाम आदिवासींच्या वस्तीवर कॉम्प्युटर आणि ब्लॉग शिकवायचं काम देऊ केलं. तिने आधी एवढंच विचारलं, “खोली तळमजल्यावर हाय ना?”

वस्तीवरच्या समाजमंदिरात दोन लॅपटॉप मांडले गेले. सगळ्यांत आधी हात बसला तो लेतूबाई टेकामचा. शाळा चौथीपर्यंत, पण हट्टी बाई. मोहाची फुलं कशी वेचायची, कोलामी भाषेत पाखरांना काय म्हणतात, ती एका बोटाने लिहायची. “आमची बोली मेली म्हणत्यात,” ती हसायची, “मी बोलून राहिले की!”

एक दिवस ती मोबाइलवर फोटो घेऊन आली. तिची मुलगी राहत होती त्या वसतिगृहाची भिंत, स्लॅबपासून थेट खाटेपर्यंत फाटलेली. धम्मप्रियाला फोटोकडे बघवेना.

“हे लिही,” ती म्हणाली. “आजच लिही.”

लेतूबाईने ब्लॉगवर लिहिलं. फोटो गावोगाव मोबाइलवर फिरला. आणि एका दुपारी, वर्गात कुणी नसताना, वसतिगृहाची इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराची दोन माणसं दारात उभी राहिली.

“मॅडम, लातूरच्या ना तुम्ही? रस्ता जंगलाचा हाय. एकट्याच जाता-येता.” एकाने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटवलं. “ते काढून टाका. सांजच्याला येऊन बघतो.”

ते गेल्यावर तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. पोस्ट काढून टाकली.

तासाभरात लेतूबाई आली. “ताई, माझं लिहिलेलं कुठं गेलं?”

“मी काढलं. ती माणसं चांगली न्हाईत.”

“भ्या वाटलं तुम्हाला?”

“हाव. लई.”

“मलाबी वाटून राहिलंय,” लेतूबाई म्हणाली. “पण पोरगी त्याच भिंतीला डोकं लावून झोपती.”

ती लॅपटॉपसमोर बसली. पासवर्ड तिला पाठ होता. सगळं पुन्हा लिहिलं, फोटो चढवला आणि या वेळी खाली आपलं पूर्ण नाव घातलं. धम्मप्रियाने तिला थांबवलं नाही. दाराला कडी घालून ती दाराला पाठ लावून बसली.

संध्याकाळी माणसं आली, तेव्हा वस्तीतल्या बाया समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेल्या होत्या. ती दोघं थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली.

पुढे नांदेडच्या एका पत्रकाराने बातमी लावली. अधिकारी आले, मुलींना दुसऱ्या इमारतीत हलवलं. ठेकेदाराचं काही वाकडं झालं नाही. समाजमंदिराला मात्र कुलूप लागलं आणि लेतूबाईला त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर कुणी घेतलं नाही.

धम्मप्रिया लातूरला परतली नाही. वर्ग आता लेतूबाईच्या मांडवात भरतो. पण ती स्वतः किनवटच्या बसस्टँडजवळच खोली घेऊन राहते आणि ऊन उतरायच्या आत वस्तीवरून निघते. लेतूबाई रोज मोठ्या रस्त्यापर्यंत तिच्यासोबत चालत येते.