मोजणीदाराची पेटी

माझ्या वेलांट्या चुकतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. तरी हे मीच लिहिणार, कारण त्या दिवशी बोलले ती मीच होते.

माझ्या मालकांचे पणजोबा निजामाच्या काळात रेल्वेचे मोजणीदार होते. रूळ पडायच्या आधी सेलू-परभणीची रानं त्यांनी साखळी टाकून मोजली. त्यांची लोखंडी पेटी मालक गेल्यापासून मी सांभाळते. आत कापडावर चिकटवलेले नकाशे आणि त्यांच्या हातच्या सात वह्या. दर उन्हाळ्यात मी ते कागद सावलीत पसरते, कडुनिंबाचा पाला बदलते आणि बोट ठेवून वाचते.

तीन वर्षांपूर्वी दिरांनी मला न विचारता परभणीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून नकाशांचे अठरा हजार उचलले आणि मोटारसायकलीत घातले. व्यापारी नकाशे न्यायला आला.

"वह्या राहू द्या," तो म्हणाला. "रद्दीच हाय ती."

परक्या माणसासमोर मी कधी बोलत नाही. दाराआडूनच म्हणाले, "नकाशे द्यायचे न्हाईत."

दीर हसले. "वैनी, तुमाला एसटीची पाटी वाचेस्तोवर गाडी निघून जाती. नकाशा काय कळायलाय?"

मग मी बाहेर आले. नकाशा बाजेवर पसरला आणि व्यापाऱ्याला विचारलं, "हा सतरा आकडा कशाचा?"

तो चष्मा पुसायला लागला. "असंल गावाचा नंबर."

मी वही उघडून वाचलं. "सतरा. पिंपळाखाली विहीर, पाणी गोड. रेषा सरळ नेल्यास विहीर बुजते, म्हणून उत्तरेस सरकवली."

नकाशावर पणजोबांनी नुसते आकडे घातले होते, माहिती सगळी वहीत. एक नेलं की दुसरं मुकं.

"मंग दोन्ही द्या," व्यापारी म्हणाला. "न्हाईतर माझे पैसे."

"पैसे मिळतील. पेटी न्हाई."

"कुठून देणार तुमी?" दीर ओरडले.

"गोधड्या शिवून."

"मरेस्तोवर फिटायचे न्हाईत!"

"मंग मरेस्तोवर शिवीन."

शिवल्या. बाळंतिणींच्या, लग्नातल्या, ज्यानं सांगितलं त्याच्या. बोटांना घट्टे पडले. साठले तसे पैसे परभणीला नेऊन दिले, दर वेळी सही घेतली. गेल्या शनिवारी शेवटचे अकराशे दिले. व्यापाऱ्यानं नोटा दोनदा मोजल्या आणि मी सांगितलं तसं लिहून दिलं: सगळे पैसे मिळाले, काही बाकी नाही.