ॲल्युमिनियम लाल होत नाही

सैन्यात असताना आमचं पोस्टिंग होतं त्या बर्फात पुढच्या पोस्टकडे जायला एकच वाट होती आणि त्या वाटेत एक खोल भेग होती. तिच्यावर आम्ही ॲल्युमिनियमची शिडी आडवी टाकत असू. लोखंडाची तेवढी लांब शिडी वर न्यायला चार गडी लागले असते, ही एकटा खांद्यावर टाकून निघे. गंजत नाही, कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होत नाही. फक्त उघड्या हाताने धरायची सोय नाही. अंगातली ऊब ओढून घेते आणि कातडी चिकटते.

लान्स नाईक देवीदास माझ्या सेक्शनला होता. तो नरखेड तालुक्यातला, मी नागपूरचा. वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच, मग काय, गट्टी जमली. विहिरीचे पाइप, मोटरसायकलची हँडलं ठोकून सरळ करत तो वाढलेला. पोस्टवर काही वाकलं की देवीदासला हाक जायची. आमच्यात एक रिवाज होता. शिडी ज्याने दुरुस्त केली, तोच तिच्यावरून आधी जाणार.

एका सकाळी बर्फ सरकला आणि शिडीचा दांडा वाकला. नवी शिडी हेलिकॉप्टरने यायची, पण हवा खराब, उड्डाणं बंद. तेवढ्यात पुढच्या पोस्टवरून रेडिओवर निरोप आला.

"हवालदार की साँस फूल रही है। फेफड़ों में पानी है। अभी नीचे ले जाओ। ओव्हर।"

"आ रहे हैं। आउट," आमचे सुभेदार साहेब म्हणाले.

मी देवीदासला विचारलं, "होते का गा सरळ?"

"काहून नाही होणार? स्टोव्ह आण."

त्याने दांडा शेकला आणि लाल व्हायची वाट पाहिली. लाल होईना. अजून तापलाच नाही असं समजून त्याने आणखी शेकला. मग हलक्या हाताने ठोकून अगदी सुतात आणला. आम्ही त्याची पाठ थोपटली.

आता मी कळमेश्वरच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो, म्हणून माहीत आहे. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. हा धातू वितळला तरी लाल दिसत नाही. जास्त शेकला की वरून तसाच राहतो आणि त्यातला जोर जातो. तेव्हा पोस्टवर हे एकालाही ठाऊक नव्हतं. चुलीत जावो असलं मागाहूनचं शहाणपण.

देवीदासने कमरेला दोर बांधला आणि निघाला. मधोमध पोचला आणि दांडा दुमडला. दोराने त्याला धरलं, पण भेग अरुंद होती. डोकं बर्फाच्या भिंतीवर आपटलं. वर ओढला तेव्हा श्वास नव्हता.

सुभेदार साहेबांनी त्याचे डोळे मिटले. "हवालदार अभी बाकी है। रस्सी बाँधो।"

पुढच्या पोस्टच्या गड्यांनी हवालदाराला भेगेपर्यंत आणलं होतं; दोर पलीकडे फेकून, ताणून बांधून आम्ही त्याला त्यावरून अलीकडे आणलं. तो वाचला.

देवीदासची शवपेटी घेऊन त्याच्या गावी मीच गेलो. सगळं आटोपल्यावर त्याची माय माझ्याजवळ येऊन बसली.

"लोकं म्हणून राहिले, कोणाच्या तरी चुकीनं गेला. शिडी कोणं सरळ केली होती गा?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून ते बोलवेना.

"त्यानंच, माय. म्हणून तोच पहिले गेला."

तिने पदराचं टोक पिळलं.

"मंग बरं केलं त्यानं," ती म्हणाली. "दुसऱ्या मायचं लेकरू नाही धाडलं."

वर्दीत मी कधी रडलो नव्हतो. त्या ओसरीवर ढसाढसा रडलो, आणि तिनेच मला जवळ घेतलं.