अननसाच्या करंज्या

आज सुनेने साखरेत अननस शिजवायला ठेवला आणि त्या आंबटगोड वासासरशी मला १९५६ सालची, बोरिवलीच्या घरातली एक दुपार आठवली.

आईची धाकटी बहीण, माई मावशी, तेव्हा आमच्याकडेच राहत होती. त्या संध्याकाळी ती नर्सिंग शिकायला नागपूरला निघणार होती. जाण्याआधी ती माझ्यासाठी अननसाच्या करंज्या करायला बसली. ती सारण भरायची आणि मी कडा दाबायची. पण मी त्या मुद्दाम सैल ठेवत होते. करंज्या फुटल्या की पुन्हा कराव्या लागतील आणि मावशीची गाडी चुकेल, असा माझा बेत होता.

पहिलीच करंजी तेलात उकलली. करपलेल्या साखरेचा वास घरभर पसरला. मावशीने स्टोव्ह बारीक केला.

"बेबी, किती फोडशील गं?"

"तू जाऊ नकोस ना."

"मला जायचंय गं," ती हळूच म्हणाली, "आणि रडूही येतंय."

मग उरलेल्या करंज्यांच्या कडा आम्ही दोघींनी घट्ट दाबल्या. चांगल्या तिने माझ्यासाठी ठेवल्या, फुटलेल्या स्वतःच्या डब्यात भरल्या.

पुढे मावशी आली, पण दोन दिवसांची पाहुणी म्हणून. त्या दुपारी मला ती खूप मोठी वाटली होती. ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती.