सुलभा आणि आमिश सुईणी

माझी पत्नी सुलभा साताऱ्याच्या प्रसूतिगृहातून नर्स म्हणून निवृत्त झाली होती. २००६ साली आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला मुलाकडे आलो, तेव्हा सून हिमानी गरोदर होती. तिथल्या लायब्ररीत सुलभाला आमिश सुईणींच्या प्रेमकथा सापडल्या. आमिश म्हणजे वीज-मोटार न वापरणारे तिकडचे धार्मिक शेतकरी. डिक्शनरी घेऊन ती वाचायची, प्रेमाची पानं मात्र उलटून टाकायची.

"बघा, घोडागाडी घेऊन न्यायला येतात तिला," ती सांगायची. "ती आली की घरातले सगळे बाजूला होतात."

हिमानीच्या वेळी आपल्यालाही बोलावतील, अशी तिला आशा असावी.

एका संध्याकाळी हिमानी म्हणाली, "आई, पहिलं बाळंतपण माहेरचं ना? माझी आई नागपूरहून येतेय. रूम एकच एक्स्ट्रा आहे, म्हणून तुमचं तिकीट प्रीपोन केलंय."

"बरं केलंस. अशा वेळी आईच हवी गं."

नंतर सुलभाने अर्धवट वाचलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "परत करून या."

"शेवट नाही वाचायचा?"

"मूल होतंच हो. मी नसले तरी होतं."

साताऱ्यात फोनवर नातू झाल्याचं कळलं. तिने फक्त वजन विचारलं.