चष्म्यात बसवलेली टाचणीमावशी

टाचणीमावशीने ग्रंथपालसाहेबांचं नाक फोडलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत पोचली. किराणावाल्याच्या मते पुस्तकाने फोडलं, इस्त्रीवाल्याच्या मते कात्रीने. त्यातलं खरं एवढंच, की नाक सुजलं होतं. मावशीने बोटसुद्धा लावलं नव्हतं. साहेब स्वतःच्या पायांनी चालत येऊन तिच्यावर आदळले होते.

टाचणीमावशी म्हणजे नाक्यावरच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करणारी आणि पोट सुटलेल्यांच्या सैल करणारी बाई. कामात असताना ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. टाचण्या निघाल्या की मात्र समोरच्याने जपून राहावं. घरी टीव्हीशी भांडणारा नवरा, फोनवर किंचाळून बोलणारी जाऊ, आणि नोकरी सोडून ड्रम शिकायला घेतलेला दीर. शांतता काय ती दुपारच्या सुट्टीत, दुकानासमोरच्या सार्वजनिक वाचनालयात, खिडकीजवळच्या खुर्चीवर. तिथे बसून ती जाडजूड कादंबऱ्यांचा फडशा पाडायची. त्या तासाच्या जोरावर बाकीचा दिवस, आणि बाकीची माणसं, सहन करायची.

एका सोमवारी जाऊन बघते तर टेबलं गायब, खुर्च्या गायब. खोलीभर राखाडी गालिचा, आणि भिंतीला टांगलेले काळे, डबड्यांसारखे व्हीआर चष्मे. दारावर नवी पाटी, ‘आभासी वाचनकक्ष’.

“आणि मी बसू कुठे?”

साहेब हौसेने फुलले. “मावशी, काहीसुद्धा गेलेलं नाही! टेबलं हलवायच्या आधी सगळं चित्रित करून घेतलंय. चष्मा लावा, जुना कक्ष जसाच्या तसा. आणि त्यात एक गंमत आहे हं.”

मावशीने चष्मा लावला. टेबलं होती, खिडकी होती, खिडकीतलं ऊनही होतं. तिच्या खुर्चीवर एक बाई मान खाली घालून वाचत होती. ती आपणच, हे ओळखायला वेळच लागला, स्वतःला मागून कुठे कुणी बघतं? बाईने बोट ओलं केलं, पान उलटलं, मान खाजवली. मग परत बोट ओलं, परत तेच पान, परत तीच मान. मावशी वाकून तिच्या पुस्तकात डोकावली. अक्षरांच्या जागी नुसत्या पुसट रेघा.

तिने चष्मा ओढून काढला. “हे कुणाला विचारून केलंत?”

“अहो, तुम्ही वाचनात इतक्या रंगला होतात, म्हटलं कशाला उठवा! आता तुम्ही आमचं मुख्य आकर्षण आहात.”

मुख्य आकर्षणाला त्या दिवशी जिन्यात बसून वाचावं लागलं, तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांतून.

गल्लीला तर आयतंच मिळालं. इस्त्रीवाला लांबूनच ओरडायचा, “मावशी, आजही बघून आलो तुम्हाला. अजून तेच पान?” आठवड्याला एक कादंबरी संपवणाऱ्या बाईला हे ऐकावं लागत होतं. नवरा म्हणाला, “अगं, तिथली तू बरी आहेस. एक शब्द बोलत नाही.” त्या दिवशी त्याचं ताट वाढलं गेलं नाही, आदळलं गेलं.

टेबलं परत कधी येणार, हे तिने साहेबांना पुनःपुन्हा विचारलं. शेवटी साहेब म्हणाले, “मावशी, पुस्तक घरी न्या ना. घरी कसं निवांत वाचता येतं.”

निवांत! मावशीच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातलं लोखंडी पायांचं स्टूल काखेत मारलं, रस्ता ओलांडला, आणि गालिच्याच्या मधोमध ठाण मांडून पुस्तक उघडलं. नेमके त्याच दिवशी वरिष्ठ कार्यालयातले पाहुणे हा कक्ष बघायला यायचे होते.

मदतनीस बाई धावत आली. “मावशी, उठा हो! इथे माणसं चष्मे लावून फिरतात, धडकतील तुम्हाला.”

“धडकू देत. वाचनालय आहे ना? मग मी वाचतेय. बाहेरची वाचनालयाची पाटी उतरवा, मी उठते.”

तेवढ्यात पाहुण्यांची वरात आलीच. बाहेरच चष्मे चढवून, एकमेकांचे खांदे धरून, आणि सगळ्यांच्या पुढे आंधळ्या उत्साहात साहेब. “या, या, टेबलांच्या मधून मोकळी वाट आहे. आणि तिकडे खिडकीजवळ बघा, आमच्या मावशी! किती तल्लीन आहेत!” असं म्हणत, खिडकीकडे हात करत ते थेट खऱ्या मावशीवर चालून गेले. स्टूल, पुस्तक, मावशी आणि साहेब, सगळे गालिच्यावर. नाक गेलं स्टुलाच्या कडेवर.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुम्ही इथे कशा? तुम्ही तर तिकडे बसलाय!”

एक पाहुणे चष्म्यासकट टाळ्या वाजवू लागले. त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मावशी उठली. ढोपर चोळलं, पुस्तक उचललं, दुमडलेलं पान सरळ केलं. साहेब नाक दाबून कुजबुजले, “मावशी, पाहुण्यांसमोर नको. मी तुमच्यासाठी आठवड्यातून एक दिवस इथे खुर्ची ठेवतो, झालं?”

मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “एक दिवस मी देते तुमच्या चष्म्यांना. बाकीचे दिवस टेबलं आणा, खुर्च्या आणा, आणि उजेडातून बाजूला व्हा. मला वाचायचंय.”