शेजारचं विरजण

केंटकीतल्या त्या जुन्या बर्बन व्हिस्कीच्या कारखान्यात आंबलेल्या मक्याचा वास नाकात शिरला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "प्रत्येक नव्या आंबवणात आम्ही आधीच्या आंबवणातलं थोडं घालतो. संस्थापकांपासून हीच रीत आहे."

"म्हणजे विरजणच की," बायको मला म्हणाली.

कित्येक वर्षं मी हीच व्हिस्की पीत आलोय. बाटलीवरचे दाढीवाले संस्थापक आजोबा आता ओळखीचे झालेत. त्यांनी लावलेलं काहीतरी पिढ्या ओलांडत माझ्या पेल्यात उतरतंय, या कल्पनेनंच मला निम्मी चढायची. दह्याचंही तसंच असतं. आजच्या दह्यात कालचं असतं, कालच्यात परवाचं, आणि मागे कुठेतरी ते पहिलं लावणारा हात असतो.

मी सहज विचारलं, "मग शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा काय केलंत?"

"तेव्हा सगळं बंदच पडलं," ती हसत म्हणाली. "पुढे दुसऱ्या कंपनीनं संस्थापकांचं नाव विकत घेतलं आणि इथे नव्यानं सुरुवात केली."

उत्साहावर विरजण पडलं, असं आपण म्हणतो. माझ्या उत्साहावर ते तिथे नसल्यामुळे पडलं. मग चवीला पेला पुढे आला. चव नेहमीचीच होती, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

बायको बाटलीवरच्या आजोबांकडे बघत म्हणाली, "आपलंही विरजण कधी संपतं. शेजारून आणतोच की आपण. पण ते आईंच्या हातचं म्हणून नाही वाढत कुणाला."