बाबांच्या ओठांवरची उत्तरं

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंच्या नाकावर राग कायम मुक्कामाला असे. शिकाऊ माणसाने चुकीचा गिअर टाकला की त्या अशा बघत, की आधी गाडी बंद पडे, मग माणूस. पण गेल्या वर्षापासून त्यांचा राग निराळाच होता. नवऱ्याने मुलीला स्कूटरवर मागे बसवलं, हेल्मेट घरीच राहिलं, स्कूटर घसरली आणि नऊ वर्षांची छोटी डोक्यावर आपटली. जखम भरली. पण सकाळचं तिला दुपारी आठवेना, आणि आठवलं नाही की ती चिडून हाताला येईल ते फेकी.

दर शनिवारी मोबाइलवर व्हिडिओ कॉलने समुपदेशक मॅडम भेटत. आधी छोटीशी बोलत, तेव्हा जवळ नवरा असे. मग क्लासवरून आलेल्या बाईंना शिकवत: विसरली तर काय करायचं, चिडली तर काय बोलायचं. घरातली फेकाफेक कमी झाली ती या शिकवण्याच्याच जोरावर.

त्या शनिवारी शिकाऊने दांडी मारली, म्हणून बाई सुरुवातीपासून बसल्या. छोटीने दोन-तीन प्रश्नांची उत्तरं पटापट दिली, तशा मॅडम हसून म्हणाल्या, "छोटीची उत्तरं हल्ली अगदी बरोबर येतात. पुढच्या महिन्यापासून थांबू या. बरीच मुलं रांगेत आहेत."

कालच ही शाळेतून येताना घर विसरली होती. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, तेव्हा बाईंनी छोटी कुठे बघतेय ते पाहिलं. मोबाइलच्या मागे उभा राहून नवरा ओठ हलवत एकेक उत्तर पुरवत होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मोबाइल सरळ त्याच्याकडे फिरवला.

"मॅडम, ही बघा बरोबर उत्तरं. परीक्षेत शिकाऊचा ब्रेक मीच दाबला, तर त्याला लायसन्स मिळेल आणि रस्त्यावर कोणीतरी मरेल. हे घरात तेच करतायत."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा पुटपुटला. "ती बरी दिसली की मला जरा..."

"तुम्हाला झोप लागते. आणि तिची मदत बंद होते, त्याचं काय?"

मॅडमनी त्याला छोटीशेजारी बसवलं आणि पुन्हा विचारलं, "छोटी, आज सकाळी काय केलंस?"

छोटीने बराच वेळ विचार केला. "नाही आठवत," ती म्हणाली आणि घाईने वडिलांचा हात धरला. "बाबा, रडू नका ना. मी आजच विसरले."

"आपण थांबत नाही आहोत," मॅडम हळूच म्हणाल्या.

नवरा तोंड लपवून उठायला लागला.

"बसा," बाई कडाडल्या. "एवढंसं पोर तुम्हाला सांभाळतंय. आता तिला सांभाळायला तुम्ही शिका."